थांब, बघू दे

‘शक्तिमान’चा मोठा भाग सुरू झाला की आमच्या शेजाऱ्याचा चेहरा उतरायचा. ही एप्रिल २०२० ची गोष्ट. टाळेबंदीमुळं लोकल बंद होत्या. आमच्या वांगणीत लोकल बंद म्हणजे चूल बंद. डब्यात फिरून चाव्यांच्या कड्या आणि मोबाइलची कव्हरं विकणाऱ्यांची तर सगळ्यांत आधी. तो त्यांतलाच. जन्मापासून पूर्ण अंध. दूरदर्शन १ एप्रिलपासून दुपारी एकला जुना ‘शक्तिमान’ पुन्हा दाखवणार, ही बातमी चाळीत पहिल्यांदा त्यानंच आणली. शाळेच्या वसतिगृहात त्यानं ही मालिका जीव लावून ऐकली होती. आता वीस-बावीस वर्षांनी तो आमच्या उंबऱ्यावर येऊन बसायचा. टीव्ही आत, आम्ही आत, तो दारात.

साधे भाग तो मनापासून ऐकायचा. शक्तिमानच्या साध्या रूपाचं, गंगाधरचं ते दातांत अडकणारं बोलणं, वार्ताहर गीता विश्वासचे प्रश्न, वर्तमानपत्राच्या कचेरीतली धावपळ. पुढचं वाक्य तो कधी कधी आधीच म्हणून टाकायचा आणि खूश व्हायचा. मग यायचा मोठा भाग. खलनायक किल्विशची माणसं चालून यायची. शक्तिमान हात वर करून गिरक्या घेऊ लागायचा. त्यानंतर कितीतरी मिनिटं एकही शब्द नाही. नुसता घुंईं आवाज, धडाम, पुन्हा घुंईं, वर वाद्यांचा कल्लोळ. तो मान तिरकी करून थांबायचा. मग विचारायचा, “काय झालं?”

मी म्हणायचो, “थांब, बघू दे.”

मला या तीन शब्दांबद्दलच लिहायचं आहे. मालिका चांगली की वाईट, तिच्यातली चित्रं आज जुनाट दिसतात का, हा माझा मुद्दा नाही. सप्टेंबर १९९७ मध्ये सुरू होऊन मार्च २००५ पर्यंत चाललेली ही मालिका मीही तितक्याच ओढीनं बघितली आहे. तिच्या करामतींना नावं ठेवणाऱ्यांत मी नाही. माझी तक्रार वेगळी आहे. मोठा भाग आला की मालिका बोलायची थांबते. आणि ती बोलायची थांबली की माझ्या दारात बसलेला माणूस गोष्टीच्या बाहेर फेकला जातो. ज्या भागासाठी इतके दिवस कान टवकारून बसायचं, नेमका तोच भाग त्याच्या वाट्याला येत नाही.

त्यानं मला वसतिगृहातली आठवण सांगितली होती. तिथं एक मुलगा अंशतः अंध होता. टीव्हीच्या काचेला नाक लावलं की त्याला आकार दिसायचे. बाकीची पोरं त्याच्या मागं गोल करून बसायची आणि तो सांगत जायचा. आला, फिरला, उचलला, आपटला. त्या मुलाला वसतिगृहात मोठा मान होता. पण लढाई खरोखर रंगली की तोही गप्प व्हायचा. त्यालाही बघायचं असायचं. पोरं त्याला मागून ढोसायची, तो हात झटकायचा. लढाई संपल्यावर म्हणायचा, “जिंकला.” शक्तिमान जिंकणार हे पोरांना आधीपासूनच माहीत होतं. कसा जिंकला, ते राहून जायचं.

शेजाऱ्याचं एक निरीक्षण मला विसरता येत नाही. तमराज किल्विश त्याला पाठ होता. तो आवाज, ती दमदार वाक्यं, काळोख टिकून राहावा ही त्याची घोषणा. काळोखाची भीती वाटली म्हणून नव्हे. काळोख कसा असतो ते त्यानं डोळस लोकांकडूनच ऐकलं आहे. त्याला किल्विश कळायचा, कारण किल्विश बोलतो. काय करणार, कुणाला पाठवणार, कुणाचा नाश करणार, सगळं आधी सांगतो. डॉक्टर जॅकालही तसाच, सतत बडबडणारा. “वाईट माणूस काय करणार ते मला बरोबर समजतं,” शेजारी म्हणाला. “चांगल्यानं काय केलं, तेवढं समजत नाही.”

हे ऐकल्यापासून मी ती मालिका पूर्वीसारखी बघू शकत नाही. चांगुलपणाची शिकवण देण्यासाठी काढलेली मालिका. भागाच्या शेवटी मुलांना चार शहाणपणाच्या गोष्टी सांगणारी. त्या गोष्टी शब्दांत होत्या, म्हणून शेजाऱ्याला त्या आजही येतात. रांग मोडू नये, खोटं बोलू नये, कचरा रस्त्यावर टाकू नये. पण ज्याच्या तोंडून त्या ऐकायच्या, त्याचा पराक्रम मात्र मुका. उपदेश अंधालाही मिळाला आणि पराक्रम फक्त डोळसाला.

यावर लगेच येणारं उत्तर मला ठाऊक आहे. टीव्ही ही बघायची वस्तू आहे, ज्याला ऐकायचं त्यानं रेडिओ लावावा. हे उत्तर वांगणीत येऊन द्यावं. मुंबईतलं भाडं परवडत नाही, इथलं परवडतं, म्हणून कितीतरी अंध कुटुंबं या गावात राहायला आली. सकाळी स्टेशनच्या जिन्यावर पांढऱ्या काठ्यांची टकटक ऐकू येते. या घरांत टीव्ही आहे. संध्याकाळी मालिका लागतात, क्रिकेटचे सामने लागतात, मुलं भांडून चॅनेल बदलतात. अंध आईबापांची मुलं बहुतेक डोळस असतात. ती आणि त्यांचे आईबाप एकच टीव्ही एकाच खोलीत ऐकतात. मोठा भाग आला की त्या खोलीत काय होतं, ते मी माझ्या दारात बघितलं आहे. मूल म्हणतं, “थांब, बघू दे.” आई थांबते.

आणि पराक्रम शब्दांत सांगणं आपल्याला जमत नाही असं कुणी म्हणू नये. शिवाजी महाराज आणि अफझलखान यांची भेट १६५९ ची. तिच्यावरचा अज्ञानदासाचा पोवाडा आपल्या सर्वांत जुन्या पोवाड्यांपैकी. शाहिरापाशी पडदा नव्हता, कॅमेरा नव्हता. डफ होता, तुणतुणं होतं आणि तोंड होतं. मिठी कशी पडली, मान कुठं दाबली गेली, कुठलं शस्त्र कुठून निघालं, हे सगळं त्यानं कानांतून दाखवलं. ऐकणाऱ्यांत आंधळा कोण आणि डोळस कोण, हा प्रश्नच नव्हता. प्रतापगडाच्या पायथ्याशी झालेला प्रसंग सगळ्यांनी एकाच वाटेनं बघितला. मराठी माणसाचा हा पहिला मोठा भाग. तो पूर्णपणे बोलता होता.

पुढं आकाशवाणीवर बाळ ज. पंडित आले. क्रिकेटचं मराठी समालोचन त्यांनी घरोघर पोचवलं. चेंडू कुठं पडला, फलंदाजानं पाय कुठं टाकला, क्षेत्ररक्षक किती धावला, हे ऐकणाऱ्याला मैदानावर नेऊन सांगितलं. तिथं मोठा क्षण आला की आवाज चढायचा आणि शब्द वाढायचे. षटकार जात असताना “थांबा, बघू द्या” असं कुठल्याही समालोचकानं श्रोत्यांना म्हटलेलं नाही. मालिकेत बरोबर उलटं होतं. मोठा क्षण आला की शब्द आटतात.

जे हवं आहे त्याला आपल्याकडे नावही तयार आहे: धावतं वर्णन. संवादांच्या मधल्या मोकळ्या जागेत एक शांत आवाज बोलतो. शक्तिमाननं डाव्या हातानं खांब धरला. किल्विश मागं सरकला. मुलगी भिंतीआड लपली. इतकंच. हा आवाज वेगळ्या ध्वनिपटावर असतो. ज्याला नको त्यानं बंद ठेवावा. साध्या भागात त्याला जागा शोधावी लागते, कारण पात्रं एकसारखी बोलत असतात. मोठ्या भागात जागाच जागा असते. जिथं वर्णनाची गरज सगळ्यांत जास्त, तिथंच त्याला सगळ्यांत जास्त मोकळीक आहे. तरीही तिथं फक्त घुंईं आवाज.

शब्द नंतर घालता येत नाहीत असंही नाही. मुलं शक्तिमानची नक्कल करून जिवावर बेतून घेतात अशा बातम्या आल्या, तेव्हा शक्तिमान साकारणारे मुकेश खन्ना स्वतः पडद्यावर येऊन मुलांशी बोलू लागले. असं करू नका, हे दृश्य कॅमेऱ्याची करामत आहे, मी खरोखर येणार नाही. त्यांनी योग्यच केलं. मुलांसाठी ही जागा निघाली. अंध मुलांसाठी निघाली असती तर माझा शेजारी आज ती लढाई सांगू शकला असता.

परदेशात हा प्रश्न एका अतिमानव मालिकेमुळंच चव्हाट्यावर आला. १० एप्रिल २०१५ ला नेटफ्लिक्सवर ‘डेअरडेव्हिल’ आली. तिचा नायक मॅट मर्डॉक. व्यवसायानं वकील आणि लहानपणापासून आंधळा. जगभरच्या अंध लोकांनी ती उत्सुकतेनं लावली. दुसऱ्या भागाच्या शेवटी, पळवून नेलेल्या एका लहान मुलाला सोडवायला तो इमारतीतल्या एका अरुंद बोळकांडीत शिरतो. सलग एकाच दृश्यात तीनेक मिनिटांची मारामारी. तिचं अजूनही कौतुक होतं. बोलणं जवळजवळ नाहीच. अंध प्रेक्षकाला काय मिळालं? धापा, दणके, दार आपटल्याचे आवाज. नायक आंधळा आणि त्याच्या सर्वांत मोठ्या प्रसंगाला आंधळाच मुकतो. चाहत्यांनी हे सरळ तोंडावर विचारलं. चार दिवसांत, १४ एप्रिलला, कंपनीनं बोलतं वर्णन सुरू करत असल्याचं जाहीर केलं आणि सुरुवात याच मालिकेपासून केली. चार दिवस लागले. यंत्र शोधायचं नव्हतं, माणूस बसवायचा होता.

आपल्याकडे कायदाही आहे. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याचं ४२ वं कलम सांगतं की इलेक्ट्रॉनिक माध्यमं दिव्यांगांना बोलत्या वर्णनासह, सांकेतिक भाषेसह आणि लिखित संवादांसह मिळतील अशी व्यवस्था सरकारनं करावी. तिन्ही गोष्टी एकाच वाक्यात आहेत. सप्टेंबर २०१९ मध्ये टीव्हीसाठी निकष निघाले, ते कर्णबधिरांपुरते. ते हवेच होते. जानेवारी २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ‘पठाण’ चित्रपटाच्या निर्मात्यांना घरबसल्या बघायच्या आवृत्तीत बोलतं वर्णन घालायला सांगितलं. मार्च २०२४ मध्ये चित्रपटगृहांसाठी मार्गदर्शक सूचना आल्या. त्यांत अंध प्रेक्षक आहे. तो तिकीट काढून थिएटरात जाईल हे सरकारला सुचलं याचा मला आनंद आहे. पण तो रोज बसतो माझ्या उंबऱ्यावर, दूरदर्शनसमोर. दूरदर्शन लोकांच्या पैशावर चालतं आणि ‘शक्तिमान’ त्याच्याच पडद्यावर लोकप्रिय झाला. पुढच्या वेळी ती मालिका पुन्हा दाखवायला काढतील तेव्हा निदान मोठ्या भागांना आवाज द्यावा. सगळ्या भागांना आज जमत नसेल तर मोठ्यांपासून सुरुवात करावी.

त्या टाळेबंदीला वर्ष झालं आणि मोठा भाग आमच्याच स्टेशनवर घडला. १७ एप्रिल २०२१, संध्याकाळी पाचच्या सुमारास. त्यानंतर दोन दिवसांनी त्या प्रसंगाचं चित्रण प्रत्येकाच्या फोनवर होतं. शेजाऱ्याच्या फोनवरही आलं. फोननं त्याला वाचून दाखवलं: व्हिडिओ. त्यानं बोट ठेवलं. सीसीटीव्हीच्या चित्रणाला आवाज नव्हता, म्हणून कुणीतरी त्यावर सिनेमाचं गाणं चढवलं होतं. त्याला गाणं ऐकू आलं. गाणं संपलं. फोन गप्प झाला.

तो माझ्याकडं आला. हे त्याचं स्टेशन. त्या फलाटाची कडा तो रोज काठीनं मोजतो. त्या संध्याकाळी तिथून रुळांवर पडलेलं मूल एका दृष्टिहीन आईचं होतं. देशभर ज्यांनी ज्यांनी ते बघितलं त्यांना त्या फलाटाविषयी काही माहीत नव्हतं. ज्यांना तो फलाट पायांना पाठ आहे त्यांच्यापर्यंत ते पोचलंच नव्हतं. आणि ज्या आईच्या मुलाचा जीव त्यात वाचतो, तिच्यासाठी त्या मुक्या चित्रणात ऐकण्यासारखं काही नव्हतं.

“काय झालं, नीट सांग,” तो म्हणाला.

माझ्या तोंडून सवयीनं तेच निघालं. “थांब, बघू दे.” बघून झाल्यावर मी सांगितलं. आई आणि मूल फलाटाच्या कडेनं चालत होती. मूल तोल जाऊन रुळांवर पडलं. समोरून उद्यान एक्सप्रेस येत होती. पॉइंट्समन मयूर शेळके रुळांतून धावत आला. गाडीच्या दिशेनं. मुलाला उचलून फलाटावर ठेवलं, मग स्वतः चढला आणि लगेच गाडी गेली.

“पळताना रुळांच्या मधून की कडेनं?” त्यानं विचारलं.

मी पुन्हा लावलं.

“गाडीचा भोंगा वाजला असेल. तो ऐकून आई कुठल्या बाजूला वळली?”

मी पुन्हा लावलं.

“वर चढताना मयूरनं काय धरलं? कडा तिथं उंच आहे. मला माहीत आहे.”

मी दहा-बारा वेळा बघितलेलं चित्रण होतं ते. कडेची उंची माझ्या लक्षात आली नव्हती. एक माणूस मुलाला वर ठेवतो आणि मग त्याला स्वतःला तीच उंची चढायची असते, गाडी अंगावर येत असताना. सगळा जीव त्या एका चढण्यात होता आणि मी तो “मग स्वतः चढला” एवढ्यावर संपवला होता.

“आणि आईचे हात?” तो म्हणाला. “ती शोधत असणार. मूल खाली पडल्यावर हात आधी जमिनीवर जातात. कडा सापडते, मूल सापडत नाही. ती वाकली होती का? कडेपासून किती लांब होती?”

याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. माझी नजर दर वेळी धावणाऱ्या माणसावर होती. आई त्याच चौकटीत होती, पूर्ण वेळ. मी चित्रण सुरुवातीला नेलं. आवाज बंद केला, म्हणजे ते गाणं थांबलं. तो उंबऱ्यावरून उठून आत आला आणि माझ्या खांद्यापाशी बसला. मी फक्त तिच्यावर नजर ठेवली आणि बघता बघता बोलायला लागलो.